पोलीस युनियनचा पाठिंबा, पगाराचा करार आणि माझी सिटी कौन्सिलची उमेदवारी

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी कॅलिफोर्नियातील आमच्या शहराच्या सिटी कौन्सिलची निवडणूक लढवली आणि हरले. शहर सॅन फ्रान्सिस्को बे एरियात आहे, वस्ती साधारण ऐंशी हजारांची. नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांतले बरेच जण आजही त्याच नोकरीत आहेत, आणि मला जो अनुभव आला तो थोड्याफार फरकाने या राज्यातल्या अनेक शहरांत येतो. अर्ज, सह्या आणि हिशेबाचे फॉर्म यांची माहिती सिटी क्लार्कच्या कार्यालयात मिळते. पण पोलीस युनियनच्या एंडोर्समेंटची, म्हणजे जाहीर पाठिंब्याची, प्रश्नावली हातात पडल्यावर नेमके काय करायचे, मुलाखतीत काय विचारतात, आणि या सगळ्याचा पोलिसांच्या पगाराशी काय संबंध आहे, हे मला आधी कोणी नीट सांगितले नव्हते. येथे स्थायिक झालेल्या आणि आता नागरिक झालेल्या मराठी मंडळींपैकी काही जण स्थानिक निवडणुकीचा विचार करत असल्याचे कानावर येते, म्हणून हे क्रमाने लिहून ठेवत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. कॅलिफोर्नियात शहराच्या निवडणुका पक्षविरहित असतात आणि मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्ष लिहिलेला नसतो. मतदाराला राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार तोंडपाठ असतात, पण सिटी कौन्सिलच्या जागेला कोण उभे आहे हे त्याच्या गावीही नसते. अशा वेळी पोस्टातून आलेल्या पत्रकावर पोलिसांचा बिल्ला आणि ‘आमच्या पोलिसांचा यांना पाठिंबा’ एवढी ओळ दिसली, तर पक्षचिन्हाचे काम तो बिल्लाच करतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर शहराच्या सर्वसाधारण निधीतला सर्वांत मोठा खर्च बहुतेक ठिकाणी पोलीस खात्याचा असतो, त्यातला मोठा हिस्सा पगार आणि निवृत्तिवेतनाचा असतो, आणि तो पगार ज्या कराराने ठरतो त्याला मंजुरी देण्याचे काम याच कौन्सिलचे असते. म्हणजे कर्मचाऱ्यांची संघटना ज्यांच्याशी पगाराची बोलणी करणार, त्यांनाच निवडून आणायला मदत करते. हे कायदेशीर आहे आणि उघडपणे चालते. १९६८ च्या मेयर्स-मिलियास-ब्राउन कायद्याने येथील स्थानिक कर्मचाऱ्यांच्या संघटनांना शहराशी वाटाघाटी करण्याचा अधिकार दिला, आणि निवडणुकीत भाग घेण्याचे स्वातंत्र्य त्यांना इतर कोणत्याही संघटनेइतकेच आहे. आमच्या पोलिसांचा करार ३० जून २०२५ रोजी संपणार होता. नोव्हेंबरमध्ये निवडून येणारी व्यक्ती त्यावर मत देणार, हे सर्वांना ठाऊक होते.

मी त्यापूर्वी काही वर्षे अर्थसंकल्पाच्या बैठकांना जाऊन बसत असे आणि शहराच्या ग्रंथालय आयोगावर काम करत होते. उमेदवारीचा निर्णय वसंत ऋतूत घेतला, आणि पहिला कागद भरला तो फॉर्म ५०१. निवडणुकीसाठी एक डॉलरही गोळा करण्यापूर्वी किंवा खर्च करण्यापूर्वी हा फॉर्म द्यावा लागतो. त्यानंतर प्रचारासाठी स्वतंत्र बँक खाते उघडायचे, आणि दोन हजार डॉलरची मर्यादा ओलांडणार असाल तर फॉर्म ४१० भरून प्रचाराची समिती नोंदवायची. समितीचे वार्षिक शुल्क पन्नास डॉलर आहे. खजिनदार म्हणून शेजारच्या एका निवृत्त अकाउंटंट बाईंना गळ घातली आणि त्यांनी होकार दिला, हे माझे भाग्य. शंभर डॉलर किंवा त्याहून अधिक देणाऱ्या प्रत्येकाचे नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरीचे ठिकाण नोंदवावे लागते, आणि तेवढी रक्कम रोख घेता येत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी काका प्रेमाने खिशातून नोटा काढू लागले, तर त्यांना नम्रपणे चेक लिहायला सांगावा लागतो. पहिल्या आठवड्यातच ही वेळ आली.

नामांकनाचे कागद १५ जुलै २०२४ रोजी मिळू लागले. आमच्या प्रभागातल्या नोंदणीकृत मतदारांच्या किमान वीस आणि कमाल तीस सह्या लागत होत्या. तिसाच्या तीस घ्याव्यात, कारण कोणी पत्ता बदललेला असतो, कोणाची सही नोंदणीच्या सहीशी जुळत नाही, तर कोणी शेजारच्या प्रभागात राहत असतो आणि त्याला स्वतःलाच ते माहीत नसते. शुल्क पंचवीस डॉलर होते. मतदारांच्या पुस्तिकेत छापायच्या दोनशे शब्दांच्या निवेदनासाठी मात्र जवळपास दीड हजार डॉलर आगाऊ भरावे लागले. हा खर्च काउंटीनुसार बदलतो आणि पुष्कळ उमेदवारांना तो शेवटच्या क्षणी कळतो. शिवाय फॉर्म ७०० वर आपल्या गुंतवणुकी आणि उत्पन्नाचे स्रोत जाहीर करावे लागतात. अर्जांची मुदत ९ ऑगस्टला संपायची होती, पण विद्यमान सदस्याने अर्ज न भरल्यामुळे नियमाप्रमाणे ती १४ ऑगस्टपर्यंत वाढली, आणि या वाढीव दिवसांत आणखी एक उमेदवार रिंगणात आला. पुढे युनियनचा पाठिंबा त्यांनाच मिळाला.

ऑगस्टच्या मध्यात ईमेलने प्रश्नावली आली. पोलिसांच्या असोसिएशनची एक राजकीय समिती असते, तिच्या वतीने ती सर्व उमेदवारांना पाठवली जाते, आणि उत्तरे देण्यासाठी साधारण दहा दिवस मिळतात. अग्निशमन दलाची आणि शहरातल्या इतर कर्मचाऱ्यांची संघटना यांच्या प्रश्नावल्याही त्याच सुमारास आल्या. त्या तुलनेने सोप्या होत्या आणि त्यांच्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. पोलिसांच्या प्रश्नावलीत सुरुवातीचे प्रश्न सर्वसाधारण होते: सार्वजनिक सुरक्षेविषयी तुमचे मत काय, रिक्त पदांबद्दल काय कराल, नागरिकांच्या देखरेख समितीला तुमचा पाठिंबा आहे का. खरा प्रश्न शेवटच्या पानावर होता. तुलनेच्या शहरांतील पोलिसांच्या एकूण मोबदल्याच्या मध्यकापेक्षा आमच्या सदस्यांचा मोबदला कमी राहणार नाही, यासाठी तुम्ही मत द्याल का? तुलनेची शहरे म्हणजे ज्यांच्या पगाराशी आपला पगार ताडून पाहिला जातो ती, आणि मध्यक म्हणजे त्यांचे आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा. प्रश्नापुढे ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोनच चौकटी होत्या.

त्या संध्याकाळी आईशी फोनवर बोलताना मी हे सांगितले, तेव्हा तिला आधी खरेच वाटेना. माझे मामा मुंबई पोलिसांत शिपाई होते. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी केलेले आंदोलन, त्यानंतर बोलावलेले सैन्य, बडतर्फ झालेले लोक आणि मान्यता गमावलेली संघटना हे सगळे आमच्या घरात अनेक वर्षे हलक्या आवाजात बोलले जात असे. ‘तिकडे पोलिसांना युनियन आहे, आणि ती उमेदवाराची मुलाखत घेते?’ आईने विचारले. महाराष्ट्रात सरकारी नोकराला निवडणुकीत प्रचार करता येत नाही, पोलिसाला तर नाहीच, आणि पगार वेतन आयोगाच्या शिफारशींवरून सरकार ठरवते. येथे पगार टेबलाच्या दोन बाजूंना बसून ठरतो. मामांना जे कधीच मिळाले नाही ते या लोकांना मिळाले आहे, हे मला मनापासून योग्यच वाटते, आणि प्रश्नावलीचे उत्तर लिहिणे मला त्यामुळे अधिकच अवघड गेले.

उत्तर लिहिण्यापूर्वी मी तीन कागद वाचले, आणि पुढे उभे राहणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावेत असे मी आग्रहाने सांगेन. पहिला कागद म्हणजे चालू करार, ज्याला सगळे ‘एमओयू’ म्हणतात. तो शहराच्या मनुष्यबळ विभागाच्या पानावर असतो. त्यात मूळ पगाराखेरीज प्रशिक्षण-प्रमाणपत्रांचा भत्ता, दुसरी भाषा येण्याचा भत्ता, गणवेशाचा भत्ता, सुट्टीच्या दिवसांचा पगार आणि ओव्हरटाइमचे नियम असतात, आणि यांतले काय निवृत्तिवेतनात धरले जाते व काय नाही हेही तेथेच कळते. ओव्हरटाइमवर निवृत्तिवेतन मिळत नाही. भाषणांत एखाद्या पोलिसाची तीन-साडेतीन लाखांची वार्षिक कमाई सांगून टाळ्या घेणाऱ्यांना हा फरक सहसा ठाऊक नसतो.

दुसरा कागद कॅलपर्सचा, म्हणजे राज्याच्या निवृत्तिवेतन मंडळाचा, आपल्या शहराच्या पोलीस योजनेवरचा वार्षिक अहवाल. १९९९ मध्ये विधिमंडळाने एसबी ४०० हा कायदा केला, आणि त्यानंतर ‘पन्नासाव्या वर्षी तीन टक्के’ हे सूत्र शहराशहरांत पसरले. सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी अखेरच्या पगाराच्या तीन टक्के, म्हणजे तीस वर्षे काढली तर नव्वद टक्के निवृत्तिवेतन. एका शहराने दिले म्हणून शेजारच्याने दिले, आणि त्याने दिले म्हणून तिसऱ्याने. १ जानेवारी २०१३ पासून नव्या भरतीसाठी हे सूत्र सत्तावन्नाव्या वर्षी २.७ टक्के असे खाली आले, तरी जुन्या वचनांचे देणे शहरांच्या अंगावर आहे. अहवालात ‘निधी नसलेले दायित्व’, म्हणजे दिलेल्या वचनांपैकी ज्यासाठी पैसा बाजूला ठेवलेला नाही ती रक्कम, असा एक आकडा असतो, आणि त्यासाठी शहराला दरवर्षी किती हप्ता भरावा लागणार याचा पुढच्या काही वर्षांचा तक्ता असतो. मला सर्वांत उपयोगी पडला तो हाच तक्ता.

तिसरा कागद ‘तुलनेच्या शहरांची’ यादी. ही यादी कोण ठरवते, हा प्रश्न मी शहराच्या अर्थविभागातल्या एका अधिकाऱ्यांना विचारला, तेव्हा ते हसले. शहर एक यादी सुचवते, युनियन दुसरी सुचवते, आणि बोलणी पगारावर येण्याआधी यादीवरच अडतात, असे त्यांनी सांगितले. आणखी एक गोष्ट मला कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर दिसली. दहा-बारा शहरे एकमेकांच्या यादीत असतील आणि प्रत्येकाने मध्यकाच्या खाली राहायचे नाही असे ठरवले, तर प्रत्येक करारानंतर मध्यकच वर सरकतो आणि खाली राहिलेल्यांना पुन्हा वाढ द्यावी लागते. यात कोणाचाही लबाडीचा हेतू असावा लागत नाही. चौकटीत ‘हो’ लिहिणारा उमेदवार मात्र एका आकड्याला होकार देत नसून न संपणाऱ्या पाठलागाला होकार देत असतो, आणि ही गोष्ट प्रश्नाच्या शब्दांत दिसत नाही.

दुसरी बाजूही पाहावी म्हणून मी ‘राइड-अलाँग’साठी, म्हणजे पोलिसांच्या गाडीत बसून त्यांची पाळी पाहण्यासाठी, अर्ज केला. ही सोय बहुतेक पोलीस खात्यांत असते. एक जोखीमपत्र भरावे लागते, आपली पार्श्वभूमी तपासली जाते आणि दोनेक आठवड्यांनी वेळ मिळते. शुक्रवारी रात्रीच्या पाळीत मी एका अधिकाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसले. रात्री साडेनऊला त्याने गाडीच्या बॉनेटवर फॉइल पसरून बरिटो खायला घेतला आणि दोन घासांत रेडिओ वाजला. बरिटो तसाच गुंडाळून डॅशबोर्डवर ठेवला गेला आणि पाळी संपेपर्यंत तेथेच राहिला. त्याची ही त्या आठवड्यातली सक्तीची जादा पाळी होती, कारण पदे रिकामी होती. त्याच्याबरोबर अकादमीतून बाहेर पडलेले दोघे शेजारच्या शहरात गेले होते. तेथे आधीच प्रशिक्षित असलेल्या पोलिसांना घेताना हजारो डॉलरचा बोनस देतात, याला ते लोक ‘लॅटरल’ जाणे म्हणतात. ‘मॅडम, मला हे शहर आवडते, पण माझ्या बायकोला गणित येते,’ असे तो म्हणाला. या रात्रीचे छायाचित्र मी प्रचारात वापरले नाही, आणि कोणीही वापरू नये असे मला वाटते. गणवेशात असताना स्थानिक कर्मचाऱ्याने कोणत्याही राजकीय कामात भाग घेऊ नये असा राज्याचा कायदा आहे, आणि आपल्या हौसेपायी त्या बिचाऱ्यावर बालंट यायला नको.

मुलाखतीपूर्वी मी या राज्याचा थोडा इतिहासही वाचला. व्हॅलेहो शहराने मे २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा त्याच्या सर्वसाधारण निधीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पोलीस आणि अग्निशमन दलाच्या करारांत जात होता. २०१२ मध्ये स्टॉकटन आणि सॅन बर्नार्डिनो यांनीही तोच मार्ग धरला, जरी स्टॉकटनच्या बुडण्यात कर्जरोखे आणि घरांच्या कोसळलेल्या किमती यांचाही मोठा वाटा होता. सॅन होजेत जून २०१२ मध्ये महापौर चक रीड यांनी निवृत्तिवेतनाला कात्री लावणारा ‘मेझर बी’ हा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवला. जवळपास सत्तर टक्के मतांनी तो मंजूर झाला, पुढे खटले झाले, पोलीस मोठ्या संख्येने नोकरी सोडून गेले, आणि २०१६ मध्ये ‘मेझर एफ’ने तडजोड करावी लागली. अधल्यामधल्या २०१४ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत पोलीस युनियनचा पाठिंबा डेव्ह कोर्टेसी यांना होता आणि जिंकले सॅम लिकार्डो. म्हणजे बिल्ला असला की विजय ठरलेलाच, असे नाही. सर्वांत अस्वस्थ करणारा प्रकार कोस्टा मेसाचा. ऑगस्ट २०१२ मध्ये, पोलीस युनियनचे काम पाहणाऱ्या वकिलांच्या फर्मने नेमलेल्या खासगी गुप्तहेरांनी जिम रिगहायमर या कौन्सिल सदस्याविरुद्ध तो दारू पिऊन गाडी चालवत असल्याची खोटी खबर दिली. तो प्यायलेला नव्हता. पुढे त्या गुप्तहेरांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. हे वाचून मला भीती वाटली नाही असे म्हणणे खोटे ठरेल, पण हा अपवाद आहे आणि माझ्याशी कोणीही असे वागले नाही, हेही तितकेच खरे.

प्रश्नावलीच्या शेवटच्या पानावर मी दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवल्या आणि खाली एक परिच्छेद लिहिला. रिक्त पदे भरण्यासाठी पगार वाढवावा लागेल हे मला मान्य आहे, परंतु वाटाघाटी सुरू होण्यापूर्वी आणि कॅलपर्सचा पुढील हप्ता कळण्यापूर्वी मी कोणत्याही मध्यकाशी मत बांधून घेणार नाही, असा त्याचा आशय होता. उद्या ही उत्तरे वर्तमानपत्रात छापून आली तरी चालेल अशीच लिहावीत, हा सल्ला मला एका माजी कौन्सिल सदस्यांनी दिला होता आणि तो अगदी योग्य ठरला.

मुलाखत ऑगस्टच्या अखेरीस, असोसिएशनच्या छोट्या कार्यालयात झाली. लांब टेबलाच्या पलीकडे साध्या टी-शर्टांत पाच-सहा अधिकारी, कडेला त्यांचे राजकीय सल्लागार, मध्ये दुकानातून आणलेल्या कुकीजचा डबा आणि मोबाइलवर लावलेले अर्ध्या तासाचे घड्याळ. माझे हात गार पडले होते, पण मंडळी सभ्य होती. राइड-अलाँगबद्दल विचारले, घरफोड्यांबद्दल विचारले. शेवटच्या पानावर येताच सल्लागारांनी माझी प्रश्नावली वर धरली.

‘तुम्ही चौकट भरलेली नाही. हे नाही समजायचे का?’

‘नाही म्हणायचे असते तर तशी खूण केली असती. आकडा पाहिल्याशिवाय सांगणार नाही, एवढेच म्हणते आहे.’

‘इतर उमेदवारांनी भरली आहे.’

‘त्यांना आकडा माहीत असेल,’ मी म्हटले, आणि टेबलाच्या टोकाला बसलेली एक सार्जंट बाई खुदकन हसली. मग तिनेच तो दिवसभरातला सर्वांत चांगला प्रश्न विचारला: समजा आकडा पाहिला आणि तो शहराला परवडणारा निघाला, तर तुम्ही ग्रंथालय एक दिवस बंद ठेवून आमचा पगार द्याल का? मी सांगितले की एक दिवस बंद ठेवण्याला मी तयार नाही, परंतु नव्या इमारतीचा निधी दोन वर्षे पुढे ढकलायला तयार आहे. तिने ते लिहून घेतले. घड्याळ वाजले, हस्तांदोलने झाली.

येथे एक व्यावहारिक सूचना करते. मुलाखतीत आपली मते सांगणे ठीक आहे, पण युनियन स्वतंत्रपणे प्रचारावर काय खर्च करणार आहे, कोणती पत्रके काढणार आहे, याची चर्चा उमेदवाराने मुळीच करू नये. संगनमत झाले की तो खर्च स्वतंत्र राहत नाही, देणगी ठरतो. आमच्या शहराची स्वतःची मर्यादा नसल्यामुळे २०२४ मध्ये राज्याची मर्यादा लागू होती, आणि एका देणगीदाराकडून उमेदवाराला ५,५०० डॉलरपेक्षा अधिक घेता येत नव्हते. स्वतंत्र खर्चाला मात्र मर्यादाच नाही, आणि खरा पैसा तेथेच असतो.

युनियनचा निर्णय कळायला जवळपास तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मला सर्वांत कठीण गेले, कारण मुद्रकाला पत्रकाचा मजकूर द्यायची वेळ आली होती आणि बिल्ला असेल की नसेल हे माहीत नव्हते. अखेर दोन ओळींचा ईमेल आला: समितीने दुसऱ्या उमेदवाराला पाठिंबा दिला आहे, भेटल्याबद्दल आभार. वाईट वाटले. घरी मी नवऱ्याला म्हटले की सुटले, पण तसे काही वाटत नव्हते.

याच काळात मला एक कायदेशीर बारकावा कळला, जो मतदारांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असतो. १ जानेवारी २०२३ पासून स्थानिक निर्वाचित सदस्यांना असा नियम लागू झाला की एखाद्या बिल्डरने किंवा कंत्राटदाराने गेल्या बारा महिन्यांत २५० डॉलरपेक्षा अधिक देणगी दिली असेल, तर त्याच्या परवान्यावर किंवा कंत्राटावर त्या सदस्याने मत देता कामा नये. २०२५ पासून ही रक्कम ५०० डॉलर झाली आहे. पण याच कायद्यातून कामगार करार वगळलेले आहेत. बांधकामाच्या परवान्यासाठी आलेल्या माणसाचे तीनशे डॉलर मला तेव्हा मतदानापासून दूर ठेवू शकले असते, आणि पोलीस युनियनचे साडेपाच हजार घेऊन मी पोलिसांच्या पगारावर निर्धास्तपणे मत देऊ शकले असते. ही सूट का ठेवली याची कारणे असतील, परंतु मला ती पटलेली नाही. माझ्या मते कराराच्या आधीच्या बारा महिन्यांत घेतलेली देणगी किमान मतदानाच्या वेळी सभागृहात मोठ्याने वाचून दाखवली पाहिजे.

ऑक्टोबरमध्ये पत्रकांचा पाऊस सुरू झाला. मतपत्रिका ७ ऑक्टोबरपर्यंत सर्व मतदारांना पोस्टाने गेल्या, आणि त्याच आठवड्यात प्रतिस्पर्ध्याच्या समर्थनार्थ युनियनच्या समितीचे पहिले चकचकीत पत्रक आमच्याही पेटीत पडले. निवडणुकीपूर्वीच्या नव्वद दिवसांत हजार डॉलर किंवा त्याहून अधिक स्वतंत्र खर्च केला, तर चोवीस तासांत फॉर्म ४९६ भरावा लागतो, आणि तो सिटी क्लार्कच्या संकेतस्थळावर दिसतो. मी रोज रात्री जेवण झाल्यावर ते पान उघडायला लागले होते. खजिनदार बाईंनी एकदा दटावले की फॉर्म वाचून मते वाढत नाहीत, दारे वाजवा. त्यांचे म्हणणे खरे होते, तरी एकदा तरी ते फॉर्म पाहावेतच, कारण कोणत्या दिवशी किती छपाई झाली, हे दारावर विचारणाऱ्या मतदाराला आपण नेमके सांगू शकतो. युनियनच्या पत्रकांवर माझ्याविषयी एकही खोटा शब्द नव्हता. माझा उल्लेखच नव्हता.

एक वेगळा प्रकारही सांगून ठेवते. ‘मतदार मार्गदर्शिका’ नावाची, बिल्ल्यासारखी चिन्हे छापलेली पत्रके येतात, ज्यांत राष्ट्राध्यक्षांपासून कौन्सिलपर्यंत नावांची यादी असते. नावापुढे तारांकन असेल तर त्या उमेदवाराने तेथे येण्यासाठी पैसे दिलेले असतात. मलाही जागा विकत घेण्याचा फोन आला होता. मी नकार दिला. दारावर भेटलेल्या कित्येक लोकांना ही पत्रके आपल्या शहराच्या पोलिसांनीच काढली आहेत असे वाटत होते.

हिशेबाच्या फॉर्म ४६० च्या तारखा कॅलेंडरवर लाल रंगात लिहाव्यात. त्या वर्षी निवडणुकीपूर्वी त्या २६ सप्टेंबर आणि २४ ऑक्टोबर या होत्या, आणि उशीर झाला तर दिवसाला दहा डॉलर दंड. माझा एकूण खर्च एकोणीस हजार डॉलरच्या आसपास गेला. त्यातला सर्वांत मोठा भाग एकाच पोस्टल पत्रकाचा होता, त्यानंतर अंगणात लावायच्या पाट्यांचा. युनियनने प्रतिस्पर्ध्यासाठी केलेला खर्च, सगळे ४९६ जोडले तर, माझ्या संपूर्ण प्रचारापेक्षा अधिक भरला.

५ नोव्हेंबरच्या रात्री मी थोडीशी पुढे होते. येथे मतदानाच्या दिवसापर्यंत पोस्टाचा शिक्का बसलेल्या मतपत्रिका पुढील सात दिवसांत पोहोचल्या तरी मोजल्या जातात, आणि काउंटीला निकाल प्रमाणित करायला डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत वेळ असतो. दर एक-दोन दिवसांनी संध्याकाळी नवे आकडे येत आणि आघाडी विरत जाई. थँक्सगिव्हिंगच्या आधी काही शे मतांनी हरल्याचे स्पष्ट झाले आणि मी प्रतिस्पर्ध्यांना फोन करून अभिनंदन केले. बिल्ल्यामुळे हरले का, याचे उत्तर मला देता येणार नाही. आमच्या प्रभागाच्या डोंगराकडच्या भागात, जेथे घरफोड्या अधिक होतात, तेथे मी स्पष्टपणे मागे होते, एवढेच सांगता येईल.

समिती बंद करणे हेही एक काम असते. उरलेले पैसे नियमात बसेल अशा कामासाठी द्यायचे, खाते बंद करायचे, शेवटचा फॉर्म ४६० भरायचा आणि ४१० वर समाप्तीची खूण करायची. ३१ जानेवारी २०२५ च्या मुदतीपूर्वी हे उरकले, अन्यथा पुढच्या वर्षाचे पन्नास डॉलर आणि अर्धवार्षिक हिशेब मागे लागतात.

वसंतात बंद दाराआड वाटाघाटी झाल्या, कारण शहराच्या वाटाघाटीकारांना सूचना देण्यासाठी कौन्सिलला बंद बैठक घेण्याची कायद्याने मुभा आहे. तयार झालेला करार उन्हाळ्यात उघड बैठकीसमोर आला, तोही एकगठ्ठा मंजूर करायच्या विषयांच्या यादीत. अशा यादीतला विषय कोणाही सदस्याला स्वतंत्र चर्चेसाठी बाहेर काढण्याची विनंती नागरिक करू शकतो. मी ईमेल केला आणि तो विषय बाहेर काढला तो माझ्या प्रतिस्पर्ध्यांनीच, याची नोंद करायला हवी. नागरिकांना बोलायला दोन मिनिटे होती. मी विचारले की पगारवाढीबरोबर कॅलपर्सचा हप्ता किती वाढेल, हे अहवालात का नाही. अर्थविभागाने तो आकडा तेथल्या तेथे सांगितला, आणि पुढील बैठकीपर्यंत लेखी जोडण्याचे मान्य केले. करार त्याच रात्री मंजूर झाला. मी कौन्सिलवर असते तर बहुधा मीही त्याच्या बाजूने मत दिले असते, कारण रिकाम्या पदांचा प्रश्न खरा होता, पण आकडा आधी मागून घेतला असता.

नवा करार ३० जून २०२८ रोजी संपतो. त्यानंतरच्या करारावर मत देणाऱ्यांपैकी काही जण ३ नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीत निवडले जातील, आणि त्यासाठी नामांकनाचे कागद १३ जुलै २०२६ पासून ७ ऑगस्टपर्यंत मिळतील. उभे राहायचे असेल तर आपल्या शहराचा एमओयू, कॅलपर्सचा अहवाल आणि तुलनेच्या शहरांची यादी जूनमध्येच वाचायला घ्या. प्रश्नावली आल्यावर मिळणारे दहा दिवस त्याला पुरत नाहीत.